गळ्यात एक, हंड्यात एक

परवा आमच्या जुन्या कारखान्यातील निवृत्त मंडळींचे स्नेहभोजन झाले. जेवणानंतर एका गृहस्थांनी मास्तरांची आठवण सांगावयास सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले, "मास्तर दिवसभर तर्र असायचे, पण नाक मात्र शाबूत!" मंडळी हसली. मी उठून उभा राहिलो. हे गृहस्थ बाटल्या धुण्याच्या विभागात होते. मास्तरांशी त्यांचा संबंध वर्षातून एकदा, दसऱ्याला आपट्याची पाने हातात ठेवण्यापुरता. मी प्रयोगशाळेचा प्रमुख होतो आणि मास्तरांशी रोज सकाळ-दुपार भांडत होतो. तेव्हा मी त्यांना भर सभेत सांगितले, की मास्तरांनी उभ्या आयुष्यात बिअरचा एक घोटही गिळलेला नाही.

त्यावर दुसरे एक सद्गृहस्थ हात जोडून म्हणाले, "म्हणजे नुसत्या वासावर? चमत्कारच की हो!"

हेही खोटे आहे. आपल्याकडे माणूस गेला, की त्याचा एक तर दारुडा होतो, नाहीतर साधू. आमचे मास्तर यांपैकी काहीच नव्हते. ते बिअर तयार करणाऱ्या कारखान्याचे ब्रूमास्टर होते, अतिशय हट्टी होते, आणि बऱ्याच वेळा चुकीचे असूनही बरोबर ठरत असत. या शेवटच्या गोष्टीचा मला आजही राग येतो.

नव्वदच्या दशकात मलकापूरच्या रस्त्याला, कोल्हापूर शहरापासून बरेच बाहेर, हा छोटा कारखाना होता. पुढील दशकात तो बंद पडला. आता त्या शेडमध्ये कोंबड्यांच्या खाद्याची पोती असतात, असे ऐकतो. त्या काळी मात्र तेथे तांब्याचा एक प्रचंड हंडा होता. त्यात सातूचा गोड रस उकळत असे आणि त्या उकळीत हॉप्स पडत. हॉप्स म्हणजे वेलीवर येणारी हिरवी, पाकळ्या-पाकळ्यांची बोंडे. बिअरला कडूपणा तीच देतात आणि वासही तीच. सुरुवातीला टाकली तर कडूपणा उतरतो, वास उडून जातो. शेवटी टाकली तर वास राहतो, कडूपणा फारसा उतरत नाही. एवढे समजले, की पुढील सारे भांडण समजते.

मास्तर सीमाभागातील लिंगायत घराण्यातले. वडिलांची तंबाखूची पेढी. मुलाने पेढीवर बसण्याऐवजी रसायनशास्त्राची पदवी घेतली, बंगळूरला बिअरचे शिक्षण घेतले आणि घरी मात्र "सातू भिजवायच्या कारखान्यात हाय" एवढेच सांगितले. कपाळावर भस्म, गळ्यात इष्टलिंग आणि त्यावर पांढरा कोट, असा त्यांचा वेष असे. मांसाहार नाही, मद्य नाही, विडीदेखील नाही. एकदा त्यांच्या मातोश्री, ज्यांना ते अव्वा म्हणत, कारखाना पाहावयास आल्या. भिजत घातलेला सातू पाहून त्यांना समाधान वाटले. उकळणाऱ्या हंड्यापाशी आल्यावर त्यांनी पदर नाकाला लावला आणि विचारले, "एवढं कडू करून शेवटी पितंय कोण रे हे?"

"पावणं," मास्तर म्हणाले.

अव्वांनी मान डोलावली. पाहुण्यांसाठी माणसे काय वाटेल ते करतात, हे त्यांना ठाऊक होते.

हॉप्सची पारख मास्तर वडिलांच्या पद्धतीने करीत. बोंडे तळहातावर घेऊन तंबाखू मळावी तशी अंगठ्याने मळत. त्यातून पिवळा, चिकट चीक सुटे. मग ओंजळ नाकाशी नेऊन ते डोळे मिटत. निर्णय होईपर्यंत तो हात साबणाने धूत नसत. जेवण चमच्याने आणि नमस्कार कोपरापासून. एका लग्नात तर त्यांनी वरपित्याच्या नाकाखाली तळहात धरला होता. "सांगा बगू, कशाचा वास?"

"गवताचा," बिचारा म्हणाला.

"कसल्या गवताचा?"

"आता गवत म्हंजे गवतच की हो!"

"ओलं न्हवं का? ओलं!" आणि खरोखरच तो सबंध माल त्यांनी ओलसर म्हणून परत पाठवला. मी यंत्रावर तपासला होता. ओल मर्यादेच्या आत होती. मी तसे लेखी दिले. पुढे तोच माल दुसऱ्या एका कारखान्यात कुबट निघाला, असे लोक सांगतात. लोक काहीही सांगतात. त्याचा अहवाल मला कोणीही दाखवलेला नाही.

त्यांचे नाक चुकत नसे असे म्हणणाऱ्यांनी उन्हाळ्यातले मास्तर पाहिले नाहीत. चटणी कांडण्याच्या दिवसांत सारे कोल्हापूर मिरचीच्या खकाण्याने शिंकत असते. त्या दिवसांत त्यांना हॉप्स आणि झेंडू यांत फरक कळत नसे. हे त्यांनाही माहीत होते. त्या काळात ते खोलीबाहेर पाटी लावीत, 'नाक बंद आहे.' चमत्कारी माणूस अशी पाटी लावीत नाही.

कडूपणा पारखण्यासाठी त्यांची दुसरी युक्ती होती. हॉप्स पाण्यात उकळून त्याचा ते काढा करीत. त्यात मद्याचा अंश नाही, म्हणजे व्रतभंग नाही. स्टीलच्या फुलपात्रातून हा काढा ते स्वतः पीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यालाही पाजत. अबकारी खात्याचे एक अधिकारी त्याला चहा समजून अर्धे भांडे प्यायले आणि पुढे आमच्याकडे येताना घरून पाणी घेऊन येऊ लागले. माझे म्हणणे सरळ होते. काढा म्हणजे बिअर नव्हे. बिअरचा कडूपणा ती घशाखाली उतरल्यावर कळतो, आणि मास्तर तर बिअरची नुसती चूळ भरून टाकून देत. हा मुद्दा त्यांना मान्य होता. म्हणून ते मला बोलावीत.

"केमिस्ट, गिळा."

मी गिळत असे. मग मत देण्यासाठी तोंड उघडले, की हात वर करीत. "बोलू नगा. तोंड खोटं बोलतंय माणसाचं. मी भुवई बगतोय तुमची." माझ्या भुवयांवर कारखान्याची किती बिअर पास झाली असेल, याची कल्पना मला स्वतःला नाही.

आता मुख्य गोष्ट. मास्तरांचा एक सिद्धांत होता: एका बिअरीत एकाच जातीचे हॉप. हिमाचलातील लाहौल खोऱ्यातून येणारे कडू, रांगडे बोंड ते उकळीच्या सुरुवातीलाही टाकीत आणि शेवटीही तेच टाकीत. कारण विचारले, की छातीवरील इष्टलिंगाला हात लावून म्हणत, "गळ्यात एक, हंड्यात एक. दहा देवळं हिंडणाऱ्याचं कुठंच भलं हुत न्हाय."

माझा प्रस्ताव होता, की सुरुवातीला कडूपणासाठी लाहौलचे हॉप टाकावे आणि शेवटी वासासाठी जर्मन हॅलरटाऊ जातीचे. हॅलरटाऊचा वास नाजूक, फुलासारखा. हा प्रस्ताव मी आलेखांसह अनेकदा मांडला. मास्तर आलेख उलटा धरून पाहत आणि म्हणत, "छान हाय. कुणी काढला?"

असे चालले असताना मालकांनी मुंबईहून एक सल्लागार आणले. वर्षाचे हॉप्स तोडणीनंतर एकदाच मागवावे लागत, आणि मागणी जाण्याची वेळ आली होती. सल्लागार म्हणाले, जग आता हलकी, सुगंधी बिअर पिते. लाहौल पूर्ण बंद करा, हंड्यात केवळ जर्मन टाका. उपाहारगृहात सर्वांसमक्ष ही घोषणा झाली. मास्तर भाकरी मोडता मोडता थांबले.

"ह्ये जर्मन बोंड ज्या दिवशी माझ्या हंड्यात पडंल," ते म्हणाले, "त्या दिवशी मी फाटकाच्या भाईर."

"बघा हं मास्तर, शब्द आहे," मालक म्हणाले.

"शबूदच हाय."

काही लोक सांगतात की मास्तर हे चिडून बोलले आणि मनातून तसे नव्हते. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. त्यांनी ती भाकरी खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी ते आपल्या टेबलावरील पुस्तके बांधू लागले होते. पेढीवर धाकटा भाऊ बसत होता. आता त्याच्या हाताखाली तंबाखू तोलण्याची वेळ येणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. आणि दुसरा तांब्याचा हंडा शंभर कोसांत नव्हता.

मालक न्यायी होते. त्यांनी सांगितले की हंड्याला हात न लावता प्रयोगशाळेच्या लहान भांड्यांत दोन्हींची थोडी थोडी बिअर करा आणि चव घेऊन ठरवू. सल्लागारांनी चवीची शास्त्रीय पद्धत सांगितली: पांढरे कापड, शांतता, साधे पाणी, अळणी बिस्किटे आणि प्रश्नपत्रिका.

"पावणं," मास्तर म्हणाले, "कोल्हापुरात बिअर बिस्किटासंगं कोण पितंय? बिस्किटासंगं बारकी पोरं चा पित्यात. चव घ्यायची तर मटणासंगं घ्या. मी खात न्हाय, पर गिऱ्हाईक खातंय की."

मालकांना ही पद्धत अधिक शास्त्रीय वाटली. त्यांना भूक लवकर लागे.

बिअर मुरल्यावर एका रविवारी दुपारी कारखान्याच्या उपाहारगृहात हा सोहळा झाला. शिवाजी पेठेत खानावळ चालवणाऱ्या आक्कांना पातेल्यांसह बोलावले होते. चव घेण्यासाठी मालक, सल्लागार, आमचे काही कामगार आणि आक्कांच्या पेठेतील फुटबॉल संघाचे कट्टर समर्थक जमले होते. सामना जिंकून आल्यामुळे त्यांचे घसे बसले होते. प्रत्येकापुढे दोन ग्लास. एकाला लाल दोरा, एकाला पांढरा. कोणत्या दोऱ्यात कोणते हॉप, हे केवळ मला ठाऊक होते. पुढे गावात आवई उठली, की मास्तरांनी ग्लास बदलले. दोरे मी स्वतः बांधले होते आणि माझी गाठ कोणाला सुटत नाही. मास्तर कोपऱ्यात अख्खा मसूर आणि भाकरी घेऊन बसले होते. ते कोणाच्या तोंडाकडे पाहत नव्हते, ग्लासाकडे जाणाऱ्या हातांकडे पाहत होते.

आणि हात पांढऱ्या दोऱ्याकडे जात होते. पांढरा दोरा जर्मन होता.

"काय वास हाय राव! मोगराच की!" समर्थकांचा म्होरक्या, मिशांना पीळ असलेला एक आडदांड गृहस्थ, म्हणाला.

"आणि ह्यो लाल?" एका कामगाराने विचारले.

"ह्यो कडू हाय. सासऱ्यागत."

हशा पिकला. सल्लागार प्रश्नपत्रिकांवर हसतमुखाने खुणा करीत होते. मालकांचा पांढरा ग्लास रिकामा झाला होता. मी कोपऱ्यात पाहिले. मास्तर उभे राहिले होते. त्यांनी कोट काढला, बाह्या जुळवून त्याची घडी घातली आणि ती बाकावर ठेवली.

मी पुन्हा टेबलाकडे पाहिले आणि काय घडले होते ते मला कळले. प्रत्येकाच्या ताटात पांढरा रस्सा होता, खोबऱ्याचा, सौम्य. तांबडा कोणाच्याच ताटात नव्हता. कोल्हापुरात असे ताट मी जन्मात पाहिले नव्हते. मी तडक स्वयंपाकघरात गेलो. लोक सांगतात, मास्तर आत गेले. मास्तर जागचे हललेही नव्हते. मी गेलो.

"आक्का, तांबडा कुठं आहे?"

आक्कांनी मोठ्या पातेल्यावरचे झाकण उचलून दाखवले. आत तांबडा रस्सा खदखदत होता.

"मग वाढला का नाही?"

"अवो, मुंबईचा पावणा हाय त्यो! सोसंल व्हय त्येला? घाम फुटून पडला म्हंजे? आन् त्येला एकट्याला पांढरा आन् बाकीच्यास्नी तांबडा दिला, तर त्येला वाईट न्हाय का वाटायचं?"

"वाढा, आक्का."

"पडला तर?"

"मी उचलतो."

तांबडा आला. सल्लागारांनी पहिला घास घेतला, त्यांचे कान लाल झाले, आणि त्यांचा हात टेबलावर ग्लास शोधू लागला. पांढऱ्या दोऱ्याचा घोट त्यांनी घेतला, काही उपयोग झाला नाही; मग लाल दोऱ्याचा घेतला आणि तो खाली ठेवलाच नाही. म्होरक्याने पांढरा ग्लास दूर सारला. "ह्ये अत्तर बाजूला घ्या. सासरा द्या हिकडं!" तिखट ओरबाडून काढावे तसा तो कडूपणा जिभेवरून फिरत होता. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल दोरे वर जात होते. मास्तरांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग चढला.

लोकांच्या मते गोष्ट येथे संपते आणि मास्तर जिंकतात. लोकांना घाई असते.

म्होरक्याने सवयीप्रमाणे तांबड्याच्या वाटीत थोडा पांढरा रस्सा ओतला. आमच्याकडे अनेक जण तसे खातात. एक घास घेतला. मग त्याने तितक्याच सहजपणे लाल ग्लासात पांढऱ्या ग्लासातील उरलेली बिअर ओतली.

"अहो! अहो, काय केलंत!" सल्लागार ओरडले. "सगळी परीक्षा बिघडली!"

म्होरक्या प्यायला. मिशी पुसली. ग्लासाकडे पाहिले. "आता जमलं," तो म्हणाला. आणि क्षणात साऱ्या टेबलावर ग्लासांत ग्लास उपडे होऊ लागले. मालकांनीही मिसळले. प्रश्नपत्रिकांचा लगदा झाला.

मास्तर टेबलापाशी आले. म्होरक्याच्या हातातील ग्लास घेऊन त्यांनी नाकाशी धरला, बराच वेळ. मग तो माझ्यापुढे केला.

"केमिस्ट, गिळा."

मी गिळले. मास्तरांनी माझ्या भुवईकडे पाहिले, आणि काय दिसले कोण जाणे, ते एकदम मोठ्याने हसले. त्यांचे हसणे दुर्मीळ होते. आक्कासुद्धा स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"देव एकच असतोय, केमिस्ट," ते म्हणाले. "वाट्या दोन असत्यात."

"मी हे कित्येक वर्षे सांगत आलो आहे!"

"तुमी आलेखात सांगितलं. ह्येनं पिऊन दावलं."

ती कल्पना म्होरक्याची होती, असे आज सर्रास सांगितले जाते. काही जण तिचे श्रेय आक्कांना देतात. कल्पना माझी होती. म्होरक्याने फक्त ओतले. एवढी नोंद झाली, की माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

दोन्ही हॉप्सची मागणी गेली. माल आल्यावर नव्या बिअरचा पहिला हंडा चढला, त्या दिवशी कामगार आपापली कामे सोडून जिन्यावर उभे होते, कारण मास्तरांचा शब्द कोणी विसरले नव्हते. सुरुवातीला लाहौलचे हॉप्स पडले. उकळी संपत आली तेव्हा मास्तरांनी जर्मन हॉप्सची पिशवी स्वतः फोडली, चिमूटभर तळहातावर मळून वास घेतला, आणि पिशवी हंड्यात रिकामी केली. मग त्यांनी कोट काढला, माझ्या हातात दिला आणि जिना उतरून थेट फाटकाकडे निघाले. त्यांना परत बोलावण्याचे धैर्य मालकांनाही झाले नाही. शब्द दिला होता.

फाटकावरील रखवालदार गोंधळला. "कुठं निगालासा, मास्तर?"

"काम सोडलं."

"आत्ता? भरल्या हंड्यावर?"

मास्तर रस्ता ओलांडून समोरच्या टपरीवर गेले, बाकावर बसले आणि त्यांनी चहा सांगितला.

इकडे हंड्यावर सारे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. हंड्याखालची वाफ बंद करण्याचे चाक आमच्याकडे ब्रूमास्टरखेरीज कोणी फिरवीत नसे. हा नियम मास्तरांचाच. आणि जर्मन हॉप्स चार मिनिटे जास्त उकळले, की संपले; उरते ते हिरवे पाणी. त्या हॉप्सचा सुगंध हंड्याच्या तोंडातून, छपराच्या झरोक्यातून बाहेर निघाला होता. मी कोट हातात घेऊन फाटकापर्यंत पळालो. काही लोक सांगतात की मी रस्त्यात उभा राहून मास्तरांची विनवणी केली, हात जोडले. मी विनवणी केली नाही. मी त्यांना वस्तुस्थिती सांगितली.

"मास्तर, वास उडतोय!"

त्यांनी मान वर केली. वारा कारखान्याकडून रस्त्याकडे होता. त्यांच्या नाकपुड्या हलल्या. फुलासारखा नाजूक, परदेशी वास, ज्याला त्यांनी कधी चांगले म्हटले नव्हते, तो टपरीवर त्यांच्या चहापाशी येऊन पोचला होता. ते ताडकन उठले. चहा बाकावरच राहिला. सीमाभागातील ते धिप्पाड गृहस्थ, कपाळावर भस्म, गळ्यात इष्टलिंग उसळत असलेले, भर रस्त्यातून जर्मन हॉप्सच्या पाठी धावत आले.

"बगत काय हुबा ऱ्हायलाय, केमिस्ट? कोट द्या! व्हा बाजूला!"

आणि पळता पळता एक बाही घालत ते जिना चढले आणि त्यांनी चाक फिरवले.